मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यावर सभासदांचा सौर प्रकल्प

वीज सहकारी संस्था म्हटलं की महाराष्ट्रात मुळा-प्रवरा आठवते. श्रीरामपूर-राहुरी भागात ती २०११ पर्यंत स्वतः वीज वाटत होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वितरण महावितरणकडे आहे, त्यामुळे इथल्या संस्थेला घरोघर वीज विकता येत नाही. ती ग्राहकच राहते. मात्र स्वतःच्या मीटरमागे स्वतःच्या सभासदांच्या पैशातून वीज तयार करून तिचा फायदा सभासदांपर्यंत पोचवता येतो. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपांची सहकारी मंडळी काढून उरलेली वीज वितरण कंपनीला विकायला सुरुवात केली. उद्देश तोच, चाकोरी वेगळी.

पीएम-कुसुम या केंद्राच्या शेतीसाठीच्या सौर योजनेच्या 'अ' घटकात सहकारी संस्था किंवा ग्रामपंचायत ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प वीज उपकेंद्राजवळ उभारू शकते, पण एका मेगावॅटला चार-पाच एकर सलग जागा लागते. किनारपट्टीच्या गावात एवढी निर्वेध जागा आणि तेवढं भांडवल क्वचितच जमतं. म्हणून इथे ५० किलोवॅटच्या आसपासचा, बर्फ कारखान्याच्या पत्र्यावरचा प्रकल्प धरला आहे. नळपाणी योजनेचा पंप किंवा काजू प्रक्रिया केंद्र असेल तरी बहुतेक पायऱ्या याच.

आधी बिलं, मग पॅनेल

बारा महिन्यांची बिलं काढा आणि तीन आकडे लिहा: मंजूर भार, दरमहा युनिट, दिवसा आणि रात्री वापरलेले युनिट. ठोकळ्याचा बर्फ तयार करायला टनामागे साधारण ६० ते ७० युनिट लागतात. यंत्र जुनं असेल, ब्राइनच्या (बर्फ गोठवणाऱ्या मिठाच्या पाण्याच्या) टाकीचं इन्सुलेशन भिजलेलं असेल तर आणखी. रोज ५ टन बर्फ काढणाऱ्या कारखान्याचा रोजचा वापर म्हणजे ३०० युनिटच्या पुढे गेला.

कोकणात एक किलोवॅट पॅनेल वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतं. ही सरासरी झाली. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला साडेचार-पाच युनिट मिळतात आणि जुलैत दोनच्या आसपास येतात. विक्रेता बारा महिने सारखाच आकडा दाखवत असेल तर त्याला महिनावार तक्ता मागा.

बर्फ कारखाना सौर प्रकल्पाला इतका का मानवतो, तर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते. होड्या शाकारलेल्या असतात, बर्फाला उठाव नसतो आणि नेमकं तेव्हाच पॅनेल कमी वीज देतं. नारळी पौर्णिमेनंतर मागणी चढते, ऑक्टोबरपासून ऊनही येतं. हीच गोष्ट नळपाणी योजनेची. मे महिन्यात चाकरमानी आले की पंप जास्त चालतो आणि ऊनही भरपूर असतं. गणपतीत मात्र गाव भरलेलं आणि आभाळही भरलेलं. तेवढे दिवस वीज महावितरणचीच वापरावी लागते, हे सभासदांना आधीच सांगून ठेवा.

क्षमता ठरवताना दिवसाच्या वापराच्या आतच राहा. आमच्या मते दिवसा कारखाना जेवढं खातो त्याच्या ७०-८० टक्के पुरे. जादा वीज ग्रिडला (महावितरणच्या जाळ्याला) देऊन आर्थिक वर्षाअखेरीस मिळणारा दर बिलातल्या दरापेक्षा बराच कमी असतो. 'टीओडी' (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) मीटर असेल तर दिवसाचे युनिट रात्रीच्या वापरात वळते होतील का, हे विभागीय कार्यालयाकडून लेखी घ्या. शक्य असेल तितका कॉम्प्रेसर सकाळी नऊ ते दुपारी चारच्या दरम्यान चालवा. चांगल्या इन्सुलेशनची टाकी रात्री थंडावा धरून ठेवते, आणि तो साठा बॅटरीपेक्षा स्वस्त पडतो.

छप्पर

सिमेंटच्या पत्र्यावर पॅनेल बसवू नका. पत्रा तडकतो, आणि वर चढणारा माणूस खाली येतो. जीआय किंवा रंगीत पत्रा असेल तर आधी आतून पर्लिनचा (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचा) गंज बघा. हातोडीने ठोकून पापुद्रे सुटत असतील तर पर्लिन बदला, मगच पुढे जा. पॅनेल आणि सांगाड्याचं वजन चौरस मीटरला १५ ते २० किलो भरतं, पण छपराला खरी भीती असते वाऱ्याच्या उचल-दाबाची. म्हणून रचना तपासणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर विक्रेत्याचा नसावा, संस्थेने वेगळा नेमावा.

पत्र्याला भोक पन्हाळीत न पाडता नेहमी उंचवट्यावर पाडा आणि खालच्या पर्लिनमध्येच स्क्रू घ्या. प्रत्येक पायाखाली ईपीडीएम रबर आणि ब्युटाइल पट्टी घाला. नुसतं सिलिकॉन दोन पावसाळ्यांत सुटतं.

सावलीसाठी डिसेंबरच्या एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि साडेतीनला छपराचे फोटो काढा. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे सर्वांत कलतो, आणि दक्षिणेच्या माडाची सावली कुठवर येते ते तेव्हाच दिसतं. माड जवळ असेल तर सावलीपेक्षा नारळ आणि झावळीची धास्ती मोठी. झाडाच्या उंचीइतकं अंतर सोडा, नाहीतर दर दोन महिन्यांनी पाडप (नारळ-झावळ्या उतरवणं) ठेवा.

बर्फ कारखान्यांत अमोनिया असतो आणि अमोनिया तांबं-पितळ खातो. म्हणून इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारं यंत्र), डीबी (वितरण पेटी) आणि केबलचे जोड कॉम्प्रेसरच्या खोलीत कधीही ठेवू नका. वेगळी, उत्तरेकडची, सावलीतली, हवा खेळती असलेली भिंत शोधा आणि इन्व्हर्टर जमिनीपासून किमान चार फूट वर लावा. गळतीचा वास जिथे पोचतो तिथल्या पॅनेलसाठी आयईसी ६२७१६ ही अमोनियाची चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र मागा.

छप्पर पुरत नसेल तर सड्याचा, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाचा, विचार होतो. तिथे चार गोष्टी तपासा. सातबाऱ्यावर किती हिस्सेदार आहेत आणि त्यातले किती मुंबईला आहेत, कारण सगळ्यांच्या सह्यांशिवाय पंचवीस वर्षांचा भाडेकरार टिकत नाही. जागा भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा खाडीकाठी असेल तर सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा बघा. कातळावर कातळशिल्पं आहेत का हे जाणकाराला सोबत घेऊन पाहा, कारण गवताखाली किंवा मातीच्या थराखाली ती सहज दिसत नाहीत आणि एका ड्रिलने कायमची जातात. चौथी गोष्ट वणवा. पॅनेलभोवती पाच मीटरचा पट्टा दिवाळीनंतर साफ केला नाही तर मार्चमध्ये केबल जळतात.

मांडणीचा हिशेब

५४५ वॉटची ९० पॅनेल घेतली तर ४९ किलोवॅट होतात. प्रत्येक पॅनेल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर, वजन २८ किलोच्या आसपास. चालायला वाट सोडून एकूण ४५० ते ५०० चौरस मीटर छप्पर लागतं. वाट सोडायचीच. पॅनेलवर पाय देऊन साफसफाई केली की आतल्या सेलला बारीक चिरा पडतात, आणि त्या डोळ्याला दिसत नाहीत.

१८ पॅनेलची एक माळ, अशा पाच माळा. एका पॅनेलचं उघडं (काही जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज ४९.६ धरलं तर माळेचं ८९३ व्होल्ट. थंडीत व्होल्टेज चढतं: १५ अंश तापमानाला सुमारे पावणेतीन टक्के, म्हणजे ९१७. १,१०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला हे चालतं. १,००० व्होल्टचा असेल तरीही चालेल, पण २० पॅनेलची माळ त्याला चालणार नाही. पॅनेलच्या कागदावरचा आकडा वेगळा असेल तर हा गुणाकार पुन्हा करा.

उतार दक्षिणेकडे १० ते १५ अंश ठेवा. कोकणचं अक्षांश १६ ते १९, त्यामुळे पुस्तकी उतार थोडा जास्त येतो. पण उतार कमी केल्याने वर्षाला एक-दोन टक्केच वीज घटते आणि वाऱ्याची उचल बरीच कमी होते. १० अंशाखाली जाऊ नका. पाणी खालच्या कडेला साचतं आणि तिथे शेवाळ धरतं.

वाऱ्याचा वेग आयएस ८७५ (भाग ३) नुसार धरायला लावा. मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर आहे. किनाऱ्यावरच्या संस्थेने त्याहून कमी स्वीकारू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला लागून गेलं, त्यामुळे वाऱ्याचा हिशेब फक्त कागदावर ठेवून भागणार नाही. मधल्या ओळींपेक्षा कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पॅनेलवर उचल जास्त असते. तिथे क्लॅम्प आणि पाय दुप्पट करा, छपराच्या कडेपासून किमान अर्धा मीटर आत राहा.

खारा वारा

इथे कंजुषी केली तर प्रकल्प पाच वर्षांतच म्हातारा होतो. कंत्राटात पुढचं शब्दशः लिहून घ्या.

पॅनेलला आयईसी ६१७०१ ही मीठ-फवाऱ्याची चाचणी, तीही कडक पातळीची. आयईसी ६१२१५ आणि ६१७३० तर हवेतच, आणि मॉडेल सरकारच्या एएलएमएम या मान्यताप्राप्त पॅनेलच्या यादीत हवं. पॅनेलच्या मागच्या लेबलवरचा अनुक्रमांक आणि कागदावरचा अनुक्रमांक उतरवताना एकेक करून जुळवा. ९० पॅनेलला अर्धा दिवस लागतो, तो द्या.

सांगाडा लोखंडी असेल तर कापणं आणि भोकं पाडणं झाल्यावर गरम जस्त-बुडवणी, जाडी किमान ८० मायक्रॉन. जाडी मोजायचं छोटं यंत्र भाड्याने मिळतं. जागेवर येऊन ग्राइंडरने कापलेली प्रत्येक कड म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. तसं करणं भागच पडलं तर जस्ताचं प्रमाण जास्त असलेला रंग दोन हात मारा. अॅल्युमिनियमचा सांगाडा किनाऱ्यावर जास्त टिकतो, पण तो लोखंडाला थेट टेकला की खाऱ्या ओलाव्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडतं. दोन धातूंच्या मध्ये नायलॉन किंवा ईपीडीएमचा वॉशर घाला.

नट-बोल्ट एसएस ३१६ चे. बाजारात बहुतेकदा ३०४ देतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाने पडणारे खड्डे उशिरा पडतात. फरक नुसत्या डोळ्याने कळत नाही, म्हणून बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का आणि कारखान्याचं प्रमाणपत्र मागा. स्टेनलेसचा नट कोरडा आवळला की जाम होतो आणि नंतर सुटतच नाही, म्हणून अँटी-सीझ ग्रीस लावा. आवळताना टॉर्क पाना वापरा, मोघम जोर नको. आकडा पॅनेल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर मार्करने रेघ मारा. पुढच्या वर्षी रेघ सरकलेली दिसली की बोल्ट ढिला झाल्याचं कळतं.

इन्व्हर्टर आयपी ६५ किंवा ६६ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), आणि किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत वॉरंटी लागू आहे हे वॉरंटीच्या बारीक अक्षरात वाचा. काही कंपन्या समुद्राजवळच्या जागेवर वॉरंटीला मर्यादा घालतात. एमसी-४ जोड (पॅनेलच्या केबलचे प्लग) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे असावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे जोड आत बसतात, पण संपर्क नीट होत नाही आणि ते तापून वितळतात. जोड पत्र्यावर लोळू न देता सांगाड्याला स्टेनलेसच्या क्लिपने बांधा. साधे काळे केबल टाय उन्हाने वर्ष-दोन वर्षांत तुटतात. वानरांचा वावर असेल तर उघडी केबल पाइपातूनच न्या.

अर्थिंग आणि वीज पडणं

जांभ्याची जमीन ओली असेपर्यंत बरी वागते. मार्च-एप्रिलला सुकली की अर्थिंगचा रोध चढतो, आणि पहिल्या गडगडाटी पावसाचे दिवस मे महिन्यातच येतात. त्यामुळे अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात करून प्रमाणपत्र देणाऱ्याचं ऐकू नका. ती मे महिन्यात, कोरड्या जमिनीत करा आणि रोध ५ ओहमच्या आत आणा. डीसी, एसी आणि वीजरोधक या तिघांचे खड्डे वेगळे असावेत, बेंटोनाइटची (ओल धरणाऱ्या मातीची) भर घातलेले. कातळात तीन मीटरचा खड्डा शक्य नसेल तर बोअर मारा किंवा दोन-तीन इलेक्ट्रोड अंतरावर ठेवून एकमेकांना जोडा. तांब्याची पट्टी कारखान्याच्या आतून नेऊ नका, कारण अमोनिया. इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना टाइप-२ सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेलं व्होल्टेज अडवणारे) हवेत आणि त्यांची खिडकी हिरव्याची लाल झाली की बदलायला दोन जादा कॅसेट संस्थेच्या कपाटात असाव्यात.

महावितरणकडे जाताना

नेट मीटरिंगचा (ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वळते करण्याच्या सोयीचा) अर्ज ऑनलाइन होतो. सोबत ठराव, बिल, सिंगल-लाइन आकृती, पॅनेल-इन्व्हर्टरची प्रमाणपत्रं. १० किलोवॅटच्या वर तांत्रिक तपासणी होते. २०२४ च्या केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. अर्जाच्या आधी शाखा अभियंत्याला भेटून तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच किती सौर क्षमता जोडली आहे ते विचारा. पैसे भरल्यावर ट्रान्सफॉर्मर भरलेला निघाला तर काम महिनोन्महिने अडतं. क्षमतेनुसार विद्युत निरीक्षकाची मंजुरीही लागते, तिचा वेळ वेळापत्रकात धरा.

दुसरी अडचण व्होल्टेजची. लाइनच्या शेवटाला असलेल्या कारखान्यात दुपारी, यंत्र बंद असताना, व्होल्टेज चढतं. ते ठरलेल्या व्होल्टेजच्या ११० टक्क्यांवर गेलं की इन्व्हर्टर दोन सेकंदांत बंद होतो, नियमच तसा आहे. म्हणून निविदेआधी सात दिवस व्होल्टेजची नोंद घ्या. इन्व्हर्टर ते मीटर केबल जाड घाला. ५० किलोवॅटला ४०० व्होल्टवर ७२ अँपिअर प्रवाह वाहतो. ६० मीटर अंतराला ३५ चौरस मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम केबलमध्ये दोन टक्के व्होल्टेज जातं, ७० च्या केबलमध्ये एक टक्का. फरकाचे पैसे काही वर्षांत वसूल होतात.

सभासदांना एक गोष्ट ठणकावून सांगा: लाइन गेली की साधा ग्रिड-जोड प्रकल्पही बंद पडतो, कितीही ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही सोय आहे. वादळानंतर मोबाइल चार्ज करायला आणि पिण्याच्या पाण्याच्या छोट्या पंपाला वीज हवी असेल तर ३ ते ५ किलोवॅटचा वेगळा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लावा. अख्खा कारखाना बॅटरीवर चालवायचा विचार सोडून द्या.

पैसा आणि वही

घरगुती सौरसाठीची पीएम सूर्यघर योजना २०२४ ची. तिचं अनुदान घरांना आणि गृहनिर्माण संस्थांना आहे (घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये), बर्फ कारखान्याला नाही. 'अनुदान मिळवून देतो' म्हणणाऱ्याला आधी हे विचारा.

नमुन्याचा हिशेब असा. किलोवॅटला ५५,००० रुपये धरले तर ४९ किलोवॅटला सुमारे २७ लाख. १५० सभासदांनी १०,००० रुपये दिले तर १५ लाख, उरलेलं १२ लाख कर्ज. १० टक्के व्याज, ७ वर्षं: हप्ता महिन्याला सुमारे १९,९२०, वर्षाला २.३९ लाख. वीज ६६,००० युनिट, दर ८ रुपये, बचत सुमारे ५.३ लाख. त्यातून देखभालीला ६०,००० आणि इन्व्हर्टर निधीला ३०,००० आधी काढा. हप्ता भरल्यावर सुमारे २ लाख राहतात. तुमचा खरा दर आणि खरा कोटेशनचा आकडा यात घाला. दर सातचा झाला तर हे २ लाख १.३ लाखांच्या आसपास येतात.

इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो. तो निधी पहिल्या वर्षापासून वेगळ्या खात्यात ठेवला नाही तर त्या वेळच्या कमिटीकडे पैसे नसतात आणि पॅनेल चांगली असूनही प्रकल्प बंद राहतो.

सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे पोटनियमांत वीज निर्मितीचा उद्देश नसेल तर आधी दुरुस्ती करून ती निबंधकांकडून मंजूर करून घ्या. सभासदांचे पैसे भाग म्हणून घ्यायचे की ठेव म्हणून, हे ठरावात स्पष्ट असावं. भागावर लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. फायदा कसा वाटायचा यावर आमचं मत ठाम आहे: पहिली सात वर्षं रोख वाटू नका, बर्फाच्या लादीचा दर कमी करा. जो सभासद दर्यावर जातो त्याला तो रोज मिळतो आणि वाटपाचा वाद सभेत येत नाही. ज्यांची होडी नाही त्यांच्यासाठी भागावर ठरलेला लाभांश. मीटरचा मासिक आकडा, हप्ता आणि शिल्लक सोसायटीच्या फळ्यावर दर महिन्याला लिहा.

विक्रेत्याला पैसे टप्प्यांत द्या. शेवटचे १० टक्के पहिला पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरच्या तपासणीनंतरच. ही अट निविदेत छापा, नंतर सांगून कोणी मान्य करत नाही.

आगोट आणि पावसाळा

आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या तयारीच्या) कामांत, १५ मेच्या आत, ही कामं घाला: सगळ्या बोल्टच्या रेघा बघणं, फांद्या आणि झावळ्या तोडणं, पन्हाळ मोकळी करणं, अर्थिंग मोजणं, छपरावरचा प्रत्येक सुटा पत्रा आणि काठी खाली उतरवणं. वादळात पॅनेल फुटतात ती बहुधा दुसऱ्याच्या छपरावरून उडून आलेल्या पत्र्याने.

धुवायला विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका, पांढरे डाग पडून काच कायमची मळते. पागोळीचं साठवलेलं पाणी उत्तम. पहाटे, काच थंड असताना, मऊ ब्रशने धुवा. चिरेखाणीजवळ किंवा लाल मातीच्या रस्त्याकडेला पंधरवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एकदा.

जुलैत इन्व्हर्टर सकाळी उशिरा सुरू होतो आणि पडद्यावर इन्सुलेशन कमी असल्याची सूचना येते. नव्वद टक्के वेळा कुठलातरी जोड पाण्यात पडलेला असतो किंवा केबलचं साल पत्र्याच्या कडेने सोललेलं असतं. इन्व्हर्टर बंद करा, डीसी स्विच खाली करा, मग एकेक माळ वेगळी करून मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावा. पाचातली एकच माळ बिघडलेली सापडेल. ओला जोड पुसून पुन्हा लावू नका, कापून नवा घाला. ऊन असताना डीसी केबलवर व्होल्टेज कायम असतं, त्यामुळे हे काम प्रशिक्षित माणसानेच, रबरी हातमोजे घालून करायचं.

ऑक्टोबरमध्ये शेवाळ खालच्या फ्रेमला धरलेलं असतं. ते प्लास्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने काढा, घासणी वापरू नका. मग एका स्वच्छ दिवशी पाचही माळांचा प्रवाह एकाच वेळी वहीत उतरवा. एखादी माळ बाकीच्यांपेक्षा पाच टक्क्यांहून कमी दाखवत असेल तर ती माळ शेवटच्या हप्त्याच्या आधी विक्रेत्याकडून दुरुस्त करून घ्या.